गॅरंटीच्या सासऱ्याची कोरडी खोली

त्याचं खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात लागायचं, तेवढंच. बाकी सगळ्यांना तो 'गॅरंटी' म्हणूनच ठाऊक. हे नाव कोणी लाडाने ठेवलं नव्हतं. त्याला मात्र ते लाडाचंच वाटायचं, आणि रस्त्यात कोणी "काय गॅरंटी, कसं काय?" म्हटलं की तो सत्कार झाल्यासारखा मान डोलवायचा.

जुन्या घरांची तळघरं कोरडी करून देणं हा त्याचा धंदा. म्हणजे तो तसं सांगायचा. गिऱ्हाइकाच्या घरी गेला की भिंत नजरेला पडायच्या आधीच, जिना उतरता उतरता तो म्हणायचा, "ओल गेली समजा. आयुष्यभराची गॅरंटी." कोणाच्या आयुष्यभराची, हे विचारायचं कोणाला सुचत नसे. ओलीने पिचलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही. त्याला फक्त कोणीतरी छातीठोकपणे बोलणारा हवा असतो, आणि छाती ठोकण्यात गॅरंटीचा हात धरणारा त्या भागात दुसरा नव्हता.

ही घरं वय झालेली. दगडी पाये, चुन्यात बांधलेले. जमिनीतलं पाणी वाढलं की भिंत ओलावणार, रंगाचे पोपडे निघणार, खालच्या अंगाला पांढरं मीठ फुटणार. यावर इलाज आहे, नाही असं नाही. बाहेरच्या बाजूने भिंत पायापर्यंत उकरायची, दगड घासून स्वच्छ करायचे, सांधे भरायचे, बाहेरून लेप द्यायचा आणि पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची. गॅरंटीला हे माहीत नव्हतं असंही नाही. उमेदवारीच्या काळात तो हेच शिकला होता. पण उकरायचं म्हणजे घाम गाळायचा, आणि घामाशी त्याचं पहिल्यापासून वाकडं. शिवाय मातीत गाडलं गेलेलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची फुशारकी मारता येत नाही.

म्हणून तो सगळं आतूनच उरकायचा. कोरडे दिवस बघून काम घ्यायचा. रोजावरची दोन माणसं पोपडे खरवडायची, दिसेल ते भोक बुजवायची आणि त्यावर दाट निळसर रंगाचे हात द्यायची. तो रंग ज्या डब्यातून यायचा त्या डब्याला नाव नसायचं. विचारलं तर गॅरंटी म्हणायचा, "फॉर्म्युला आपला स्वतःचा आहे." मग शेवटच्या दिवशी तो सगळ्या घराला खाली बोलवायचा, भिंतीवर आपला तळवा टेकवायचा, डोळे मिटून जरा वेळ तसाच उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता तुम्ही लावा हात. घाबरू नका, भिंत तुमचीच आहे." एकेक जण तळवा टेकवायचा. भर कोरड्या दिवसांत भिंत कोरडी लागणारच. पण लोकांचे चेहरे असे व्हायचे, की गॅरंटीने भिंतीतलं भूतच उतरवलं.

पुढे दिवस पालटले की फोन सुरू. तेव्हा गॅरंटी लगेच जायचा नाही. गेलाच तर ओलीचा डाग बघून हसायचा. "ही ओल नव्हे, हा घाम," तो समजावून सांगायचा. "ओल बाहेरून येते, ती मी थांबवली. घाम आतला. त्याला तुम्ही जबाबदार." एका घरात त्याने सांगितलं, तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवत नाही. दुसऱ्या घरात म्हणाला, कपडे आत वाळत घालता. आणि एका मोठ्या कुटुंबाला तर त्याने सरळ सुनावलं, की एवढी माणसं या घरात श्वास घेणार असतील तर बिचारी भिंत काय करेल. ती माणसं खजील झाली म्हणे. काय म्हणावं लोकांना तरी.

हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्या बायकोमुळे. फोन तीच घ्यायची. सकाळी ती एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची आणि दुपारनंतर घरी नवऱ्याच्या वतीने खोटं बोलायची. "ते साइटवर आहेत," ती सांगायची, तेव्हा ते समोरच्या खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत असायचे. नवऱ्याबद्दल तिचं मत काय होतं, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला लागली असती तर थांबली नसती. तो जेवताना आवाज करायचा त्याचा तिला तिटकारा होता. तो आरशासमोर तळवा टेकवायचा सराव करायचा, हे तिने एकदा दाराच्या फटीतून बघितलं होतं, आणि त्या दिवशी तिला हसूही आलं नव्हतं. निव्वळ थापेबाज माणूस, ती मनात म्हणायची. पण मनातच. आणि आपण मनात तरी खरं बोलतो, या समाधानावर तिचे दिवस बरे चालले होते.

तिचे वडील तिच्या माहेरच्या घरी तळघरात राहायचे. तळघर म्हटलं तरी अंधारकोठडी नव्हती. घर उतारावर. पुढचा दरवाजा वरच्या रस्त्यावर उघडायचा, मागचा खालच्या गल्लीत, आणि तळघराचं दार गल्लीच्या बरोबरीला. मागच्या बाजूने उजेड यायचा, पुढची भिंत मात्र सगळी मातीत. वडिलांचे गुडघे गेल्यापासून त्यांना जिना बंद होता, म्हणून त्यांनी खाट खालीच आणून टाकली होती. तसंही त्यांचं सगळं आयुष्य तिथेच गेलेलं. चष्म्याच्या काचा घासून द्यायचं त्यांचं काम, आणि घासायचं चाक तिथेच खिडकीशी बसवलेलं. आता काचा कारखान्यात घासून येतात. पण दोन-चार जुनी गिऱ्हाइकं अजून गल्लीतल्या दारावर टकटक करायची, आणि टकटक झाली की म्हाताऱ्याच्या अंगात बळ यायचं.

या तळघरात पाणी यायचंच, पण रीतसर यायचं. मातीकडच्या भिंतीच्या तळाशी, घर बांधणाऱ्यांनी दगडांच्या मधे छोटी छोटी भोकं सोडली होती. त्या भोकांतून जमिनीतलं पाणी झिरपत आत यायचं, भिंतीला लागून काढलेल्या उथळ चरात पडायचं, चरातून कोपरा वळून दाराशेजारच्या नळीतून गल्लीच्या गटारात निघून जायचं. भिंतीवर भार नाही, जमिनीवर थेंब नाही. वडील रोज सकाळी एक छोटा झाडू घेऊन तो चर साफ करायचे आणि काचेची पांढरी पूड त्यातच धुऊन टाकायचे. मुलगी लहानपणी त्या आवाजावर झोपायची. आपल्या घरात पाणी वाहतं याचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं.

नवल वाटलं ते डॉक्टरीणबाईंना. म्हाताऱ्याचा खोकला हटेना म्हणून मुलाने त्यांना घरी बोलावलं होतं. हा मुलगा, म्हणजे गॅरंटीच्या बायकोचा थोरला भाऊ, तिचा दादा, बायकोसह वरच्या मजल्यावर राहायचा. डॉक्टरीणबाई खाली आल्या, खाटेच्या पायाशी वाहणारं पाणी बघून जागीच थबकल्या. त्यांनी छाती तपासली आणि दादाला स्पष्ट सांगितलं, "या ओलीत यांना ठेवायचं नाही. एक तर खोली कोरडी करा, नाहीतर यांना दुसरीकडे हलवा. मी पुन्हा येऊन बघणार आहे."

दुसरीकडे म्हणजे कुठे? वर जागा नव्हती. वर दादा होता, वहिनी होती आणि वहिनीचे सोफे होते. दादाने गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम आधीच बघून ठेवला होता, त्यावरून त्याची तयारी कळते. वडिलांना तो एकदा गाडीत घालून तिथे घेऊनही गेला. जागा स्वच्छ, पडदे नवे. वडिलांनी एवढंच विचारलं, की माझं चाक आणता येईल का. तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं, "चाक कशाला आजोबा, इथे टीव्ही आहे."  त्या संध्याकाळी मुलगी भेटायला गेली, तर म्हातारा तिचा हात धरून म्हणाला, "मला तिकडे पाठवू नका गं. मी मरेन तिथे, आणि लवकर नाही मरणार."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. खोली कोरडी झाली तर बाप घरी राहणार, नाही झाली तर वृद्धाश्रमात जाणार.

"घरचा माणूस असताना बाहेर कशाला शोधायचं?" दादा म्हणाला. "उद्या चारचौघांत लोक विचारतील, मेहुणा हेच काम करतो ना तुझा?"

 वहिनीने नणंदेकडे बघितलं. लग्नात हीच वहिनी म्हणाली होती, की एवढी शिकलेली मुलगी आणि हा असा नवरा शोधला. त्यावर गॅरंटीची बायको इतकी वर्षं म्हणत आली होती, की यांचं खूप नाव आहे, लोक लांबून बोलावतात. आता त्याच वहिनीसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं, की या माणसाला खोलीत पाऊल ठेवू देऊ नका? एका वाक्याचं काम होतं. तिने ते वाक्य गिळलं. आपलं हसं होण्यापेक्षा बापाची भिंत रंगलेली परवडली, असा तिने हिशेब केला. असा नाही केला म्हणाल, तर मग कसा केला?

गॅरंटी आला तो शीळ घालत. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, भिंतीला टिचकी मारून बघितली आणि माणसांना हुकूम सोडला, "भोकं बुजवा, चर भरून घ्या, वरून फरशी."

वडील खाटेवरून म्हणाले, "जावईबापू, ती भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत."

"बाबा, त्या काळी मालाची टंचाई असायची. राहून गेली असतील."

"सगळी एका ओळीत राहून गेली?"

गॅरंटी मोठ्याने हसला आणि माणसांकडे बघून डोळा मिचकावला. म्हाताऱ्याच्या विनोदाला दाद दिल्यासारखं केलं की उत्तर द्यावं लागत नाही, ही त्याची जुनी युक्ती.

त्याची बायको तिथेच उभी होती. सिमेंटचा पहिला गोळा भोकात जाताना बघून तिला राहवलं नाही. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ती बुजवू नका. पाणी तिथूनच येतं."

"म्हणूनच तर बुजवतोय."

"मग ते जाईल कुठे?"

"जाईल कुठेही," गॅरंटी म्हणाला. "जमिनीला काय जागा कमी आहे?"

आता बोला. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याच्या नावावर पोट भरलं, त्याला पाण्याबद्दल एवढंच सांगायचं होतं. तिने दादाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि ती माणसांच्या वाटेतून बाजूला झाली.

खोली दिसायला मात्र देखणी झाली. निळसर भिंती, कडेला चर नाही, सपाट नवी फरशी. पाण्याचा आवाज गेला. गॅरंटीने सगळ्यांना बोलावून तळव्याचा कार्यक्रम केला. डॉक्टरीणबाईंनीही तळवा टेकवला, म्हाताऱ्याच्या छातीवर नळी ठेवली आणि म्हणाल्या, "छान. आता राहू द्या इथेच." दादाने मेहुण्याची पाठ थोपटली. वहिनीचं तोंड जरा उतरलं. तिने त्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवायचं मनाशी ठरवलेलं असावं. वडिलांनी डोळे पुसले आणि जावयाचा हात दोन्ही हातांत धरला. ते बघून मुलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला थोडा नवऱ्याचा अभिमानसुद्धा वाटला, आणि तो वाटल्याचा तिला घरी जाईपर्यंत राग येत राहिला.

गॅरंटीला तर घबाडच मिळालं. आजवर त्याला दाखवायला एक धड काम नव्हतं, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभं राहायची सोय नव्हती. आता हक्काची खोली मिळाली. तो नवीन पार्टीला गल्लीतून सरळ सासऱ्याकडे आणायचा. "माझे सासरे. इथेच झोपतात. परक्याच्या घरात कोणीही चांगलं काम करेल हो, पण स्वतःच्या सासऱ्याला मी फसवेन का?" यावर लोक खूश. म्हातारा काठी टेकत भिंतीपाशी जायचा, तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत." तेवढं ऐकलं की काम पक्कं. मुलीला हे कळलं तेव्हा तिला वाटलं, बाबा उपकार फेडतायत. फेडू देत, त्यात काय मोठं.

मग ओले दिवस आले.

ती दर रविवारी दुपारी वडिलांकडे जायची. एका रविवारी तिला खाट जागेवरून सरकलेली दिसली. पुढच्या खेपेला खाटेच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. वडील म्हणाले, खाट जुनी झाली, डुगडुगते. त्यानंतर पुठ्ठा दुसऱ्या पायाखाली गेला आणि जमिनीवर एक सतरंजी आली. कोपऱ्यात एक कपाट आलं. खोलीला बंद पेटीसारखा वास येऊ लागला आणि वडिलांचा खोकला पुन्हा सुरू झाला, पण त्यांनी खिडकी उघडी राहिली म्हणून सांगितलं. तिने विश्वास ठेवला. ठेवायचाच होता म्हणून ठेवला.

ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी तिच्या हातून चहाचा कप सतरंजीवर सांडला. ती सतरंजी उचलायला वाकली तसे वडील म्हणाले, "असू दे, असू दे ती." त्यांचा आवाज इतका घाईचा होता, की तिने उचललीच.

खालच्या फरश्या वर आल्या होत्या. मधोमध उंचवटा, सांधे फाटलेले आणि प्रत्येक सांध्यातून पाणी. खाट त्या उंचवट्यावर तिरकी उभी होती, म्हणून पुठ्ठे. तिने जाऊन कपाट ओढलं. त्याच्यामागे गिलाव्याचा दाराएवढा तुकडा सुटून खाली आला होता. आतले दगड उघडे पडलेले. तिने दोन दगडांच्या मधे बोट घातलं, तर चुना भिजून लगदा झालेला. बोट पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेलं. इतकी वर्षं ज्या पाण्याला दार होतं ते आता भिंतीच्या पोटात साठत होतं, आणि जिथे जागा मिळेल तिथून वर येत होतं.

"बाबा, हे कधीपासून?"

"होईल कमी."

"यांना माहीत आहे?"

वडिलांनी मान खाली घातली. "कपाट त्यांनीच आणून दिलं. सतरंजी पण त्यांचीच." मग ते म्हणाले, "त्यांना वाईट नको म्हणूस. मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, बाबा, तुम्ही माझी भिंत सांभाळा, मी तुमची खोली सांभाळतो. व्यवहार काही वाईट नाही."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हाताऱ्या माणसाच्या भीतीवरसुद्धा याने आपला रंगाचा हात मारला. तिने खिडकीतली हातोडी उचलली आणि भिंतीच्या तळाशी बसली. भोकं कुठे होती ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"ठोकू नकोस," वडील म्हणाले. "वर ऐकू जाईल."

"जाऊ दे. एक भोक मोकळं केलं तरी पाणी निघेल."

"निघेल. आणि तुझी वहिनी खाली येईल. ही खोली बघेल. मग सोमवारी गाडी दारात." ते खाटेची कड धरून बसले होते आणि त्यांच्या हाताच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. "भिंत अजून चालेल गं थोडी. मला काय ती फार दिवस लागणार आहे?"

तिने हातोडी खाली ठेवली नाही, पण मारलीही नाही. भिंत चालेल की कोसळेल, हे तिला ठाऊक नव्हतं. कोसळली तर याच खाटेवर कोसळेल, एवढं ठाऊक होतं.

तेवढ्यात गल्लीच्या दारावर गॅरंटीचा आवाज आला. "या, या, इकडून. डोकं सांभाळा." नवीन पार्टी. वडील म्हातारपण विसरून उठले, पायाने सतरंजी सारखी केली आणि कपाटाला खांदा लावला. त्यांना एकट्याला ते हलेना. त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने हातोडी खाटेखाली सरकवली आणि कपाट भिंतीला लावलं.

आत आलं ते एक वयस्कर जोडपं. नवरा बुजरा, सारखी टोपी चाचपणारा. बाई मात्र चौकस. एव्हाना बायको निघून गेली असेल असा गॅरंटीचा अंदाज होता. क्षणभर त्याचा चेहरा पडला, मग त्याने लगेच तोही डाव आपल्याकडे वळवला. "ही माझी मिसेस. वडिलांना भेटायला येते." मग नेहमीचं भाषण, परक्याचं घर आणि स्वतःचा सासरा. वडील काठी टेकत चांगल्या भिंतीपाशी गेले, तळवा ठेवला.

"ठणठणीत," ते म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

बाईने खोलीभर नजर फिरवली. तिला वास आला असावा.  ती सरळ मुलीजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही आणतोय राहायला. एकटी पडली ती. तिला तळघरातच ठेवावं लागेल, दुसरी जागाच नाही. तिला दमा आहे. पुरुषांचं काही सांगू नका, तुम्ही सांगा. खरंच कोरडी राहते का?"

वरच्या जिन्यावर पावलं वाजली. वहिनी होती. पाहुण्यांचे आवाज ऐकून ती अर्धा जिना उतरली होती आणि कठड्यावर हात ठेवून खाली बघत होती.

दम्याची बहीण कोण, कुठली, तिने कधी बघितली नव्हती. बाप समोर उभा होता. त्याचा तळवा अजून भिंतीवर होता आणि तो मुलीकडे असं बघत होता, जसं लहान मूल शाळेच्या दारात आईकडे बघतं. त्याच्यापलीकडे गॅरंटी उभा होता, आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच कसलीच गॅरंटी नव्हती. घाबरला होता बिचारा. तिला वाटलं, एक शब्द बोलले तर हा माणूस इथेच संपेल. किती वर्षं ती या शब्दाची वाट बघत होती.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "मी दर रविवारी येते ना. मला कळलं असतं."

तिचा आवाज अगदी साधा निघाला. शाळेत ती मुलांना पुस्तक आहे की नाही ते सांगायची, तसा. बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने मुलीचा हात दाबला आणि म्हणाली, "बाईने सांगितलं की बरं वाटतं." वहिनी वर निघून गेली. टोपीवाल्याने काम कधी सुरू करणार ते विचारलं.

दोघं घरी निघाले.  तिला स्वतःची किळस आली होती आणि ती कुठे पुसावी ते कळत नव्हतं. नवऱ्याची किळस करणं सोपं होतं, त्यात तिची सगळी वर्षं आरामात गेली होती. तो थापेबाज आणि आपण नाही, एवढ्यावर ती ताठ चालायची. आता ती त्याच्या शेजारून चालत होती आणि दोघांची पावलं सारखीच पडत होती.

गॅरंटी मात्र खुशीत होता. घरात शिरल्या शिरल्या त्याने स्वतः पाणी प्यायच्या आधी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला. हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

"आज काय बोललीस तू," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं घसा कोरडा करतो, आणि तुझ्या एका वाक्यात काम झालं. तुझं लोकांना पटतं. तुझा चेहराच तसा आहे." तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. "पुढच्या रविवारी अजून एक पार्टी आहे. तू असशील ना तिथे?"

तिने ग्लास हातात धरून ठेवला. तो वाट बघत होता. तिने पाणी संपवलं.

"आधी मोठी सतरंजी आणा," ती म्हणाली. "आहे ती आता पुरत नाही."